ध्यानकुटीचं मागचं दार

वहिनी गेली आणि आमचे भाऊ बोलायचे थांबले. भाऊ म्हणजे माझे थोरले भाऊ. फैजपूरजवळच्या आमच्या केळीच्या मळ्याचा सगळा भार त्यांच्यावर. त्या दिवसांत देवावर माझा विश्वास नव्हता असं नाही, पण राग मात्र भरपूर होता. सातपुड्यातली मनुदेवी आमचं कुलदैवत. तिला न चुकता नैवेद्य नेणारी बाई तिनं उचलून नेली आणि मागे भाऊंना असं मुकं ठेवलं, हे मला काही पटत नव्हतं. बायको मळ्यातल्या घरी असायची; मी धुळ्याला पाटबंधाऱ्याच्या सरकारी कचेरीत नकाशे काढायचो आणि शनिवारी एस.टी.नं मळ्यात यायचो. दर वेळी नवीन काहीतरी ऐकायला मिळायचं. भाऊ अर्ध्या ताटावरून उठून चालू लागतात. भाऊ विहिरीच्या काठावर पाय सोडून बसलेले सापडले. ही दुसरी गोष्ट कळली त्यानंतर आमच्यापैकी कोणाच्याही डोळ्याला नीट डोळा लागला नाही.

जळगावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. वर म्हणाले, झाडापानांत एखादी शांत जागा असेल तर तिथे बसू द्या त्यांना. एवढं ऐकलं आणि माझ्यातला कलावंत जागा झाला. उभ्या आयुष्यात मी पाटाच्या मोऱ्यांखेरीज काही काढलं नव्हतं, तो मी ध्यानकुटीचा नकाशा काढायला बसलो. सिमेंट नको, पत्रा नको. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा, म्हणजे वाळक्या काड्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, वर गवताचं छप्पर. उन्हाळ्यात थंड राहील आणि कधी मोडलीच तर मातीची माती होईल. दार एकच, घराकडे तोंड करून, म्हणजे स्वयंपाकघरातून नजर राहील. मागची बाजू विहिरीकडची. ती पक्की बंद. बायकोनं नकाशा उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "ध्यानाला बसायचं आहे की कोंबड्या कोंडायच्या आहेत?"

केळीच्या कडेला, जिथून सातपुडा निळा दिसतो, तिथे मी रजा काढून चुन्याची फक्की टाकून भिंतींच्या रेघा आखल्या. सकाळी पाहतो तर मागच्या भिंतीची रेघ मधोमध पुसलेली. माणूस सहज जाईल एवढीच जागा, दाराच्या अगदी समोर. बाकीची रेघ जशीच्या तशी. काळ्या मातीवर पाऊल नाही, खूर नाही. कोणाच्या लुगड्याचा काठ घासत गेला असावा, तसं काहीतरी दिसत होतं. मी रेघ पुन्हा भरली. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. खणायला आलेल्या नानानं कुदळ खांद्यावरून उतरवलीच नाही. "मी नाई खनत भो तिथं. कोनाची तरी ये-जा हाये."

"अरे पण तिकडे विहीर आहे!" मी ओरडलो.

"मंग तू खन."

मी कुदळ घेतली. खरं सांगायचं तर मी ती नुसतीच धरून उभा राहिलो. शेवटी बायको म्हणाली, "जायचं असेल कोणाला तर जाऊ द्या की. घरात तरी तुम्हाला विचारून कोण येतं-जातं?" मग मागेही दार ठेवलं. मनातून मात्र मला त्या दाराची धास्ती वाटत होती.

कुटी झाली. जमीन सारवली तेव्हा दोन्ही बाजू बघता बघता वाळल्या. एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंतचा मधला पट्टा मात्र ओलाच. आधी आपण बसून पाहावं म्हणून मी मधोमध मांडी घातली, डोळे मिटले. मनःशांती राहिली बाजूला. स्टँडवर रांगेत आपल्या मागे कोणी खोळंबून उभं असावं, तसं वाटू लागलं. मी मुकाट्यानं भिंतीकडे सरकलो. गालाला गार वारा लागून गेला. बाहेर केळीचं पानही हलत नव्हतं.

भाऊ तिथे जाऊन बसू लागले, पण बोलणं नाहीच, जेवणही तसंच. मे महिन्यातल्या एका दुपारी भाऊ कुटीत असताना आभाळ पिवळं झालं आणि वादळ सुटलं. घडांनी लगडलेल्या केळी कडाकड मोडून पडू लागल्या. घराचं दार मला लोटवेना. पंपावरचा पत्रा उडताना दिसला आणि डोळ्यांसमोर ते मागचं दार आलं. मी हात जोडले. देवीला म्हटलं, आई, माझ्या हातात आता काही उरलं नाही, तूच बघ.

वारा पडल्याबरोबर मी पळालो, माझ्यामागे बायको. मळा आडवा झालेला. कुटी उभी होती. वारा एका दारानं शिरून दुसऱ्यानं निघून गेला असावा. आत दोन्ही बाजूंना पाल्याचा खच, मधली वाट झाडल्यासारखी स्वच्छ. भाऊ भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. मी उंबऱ्याशी पोचलो तसा त्यांनी हात वर केला.

"थांब. अजून एक यायाची हाये."

इतक्या महिन्यांनी ऐकलेला तो आवाज. मी उंबऱ्याबाहेरच थांबलो. आमच्या दोघांच्या मधून काहीतरी गेलं, एवढंच सांगता येईल.

"ये आता," भाऊ म्हणाले. "मी विहिरीकडे निंघालो होतो. पन वाटेत बायाच बाया. म्हने, पाय आवर, आमाले जाऊ दे. मंग बसलो पाय आवरून."

बायकोनं हळूच विचारलं, "आणि शेवटची?"

भाऊंनी मागच्या दाराकडे पाहिलं. "तुही जेठानी." म्हणजे आमची वहिनीच. "म्हने, जेवून घ्या." मग म्हणाले, "भाकर हाये का?"

भाकर होती. आडव्या पडलेल्या केळींमध्ये बसून भाऊ जेवले. बायको वाढत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. मी हिशेबी माणूस, पण त्या दिवशी मोडलेल्या घडांकडे माझी नजरही गेली नाही.

काय घडलं ते मी कोणाला पटवत बसत नाही. आपण काळजीपोटी दारं बंद करायला निघतो आणि देवीला ती उघडी हवी असतात, एवढं मला कळलं. पुढच्या लावणीला भाऊ स्वतः उभे होते. मी लावलेला कंद उपटून म्हणाले, "धुळ्याले काय करतो रे तू? एवढं वाकडं कोनी लावतं का?" शिव्या खातानाच मी सातपुड्याकडे तोंड करून आईला नमस्कार केला आणि तो कंद पुन्हा लावला.