इंजिनावरच्या अक्षता

इंजिन पूर्ण बांधून झालं होतं. रविवारी सकाळी दहाला ते चालू करायचं ठरलं होतं. शनिवारी सकाळी चहा पिताना बायकोने मोबाइलवर दसऱ्याचा एक फोटो दाखवला. तिला तो बहिणीला पाठवायचा होता.

"बघा, तुमचं इंजिन किती छान आलंय यात," ती म्हणाली.

फोटोत आमची पडवी होती. लाकडी घोडीवर इंजिनाचा ब्लॉक उलटा ठेवलेला, तळ वर करून. त्याला झेंडूची माळ, हळदकुंकू, आपट्याची पानं आणि सगळीकडे अक्षता. मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, ज्या तीन बैठकींमध्ये फिरतो, त्या तिन्ही उघड्या दिसत होत्या. प्रत्येक बैठकीच्या मधोमध तेल येण्याचं भोक असतं. मागच्या बैठकीच्या भोकाच्या काठावर कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा होता. अर्धा बाहेर, अर्धा आत.

चहा तसाच ठेवून मी पडवीत गेलो. इंजिन आता सरळ उभं होतं, सगळं बंद, बाहेरून रंग दिलेलं. आतलं काहीच दिसणं शक्य नव्हतं.

गाडी मामांची. विलायती, दोन माणसांची, बिनछपराची, माझ्यापेक्षा वयाने मोठी. मामांची वाडी आमच्यापासून चालत पाच मिनिटांवर, आगाशीतच. तिथल्या शेडमध्ये ती गाडी बावीस वर्षं उभी होती. दोन वर्षांपूर्वी मामांनी इंजिन उतरवून माझ्या पडवीत आणून टाकलं आणि म्हणाले, "गॅरेजवाले हातोड्याने विचार करतात. तू मोजून काम करतोस. हे तू कर." नोकरीत मी मोजमापं तपासायचंच काम करतो, त्यामुळे मला ते कौतुक वाटलं आणि मी हो म्हटलं.

सगळी अडचण शाफ्टची होती. नवा असताना बैठकींत बसणाऱ्या त्याच्या भागांची जाडी दोन इंच होती. झिजला की तो घासून गुळगुळीत करतात आणि तेवढी जाड बेअरिंगं घालतात. हा शाफ्ट तीनदा घासला गेला होता, तिसऱ्यांदा मीच मशीनशॉपमधून घासून आणला होता. आता जाडी उरली होती एक पूर्णांक शहाण्णव शतांश इंच. त्याच्या पुढच्या मापाची बेअरिंगं या इंजिनासाठी बनतच नाहीत. मशीनशॉपच्या म्हाताऱ्या कारागिराने शाफ्ट परत देताना मला बजावलं होतं, "साहेब, ही शेवटची घासाई. आता ओरखडा पडला तर याची पहार करा." दुसरा शाफ्ट मी दीड वर्ष शोधला होता. मिळाला नव्हता. म्हणजे हा शाफ्ट गेला तर गाडी कायमची गेली.

शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यात इंचाचे हजार भाग केले तर त्यांतल्या दोन भागांइतकी फट असते. त्या फटीत तेल असेल तर शाफ्ट तेलावर तरंगतो. नसेल तर अर्ध्या मिनिटात धातूवर धातू घासतो.

मी वही काढली. एकशे त्रेचाळीस कामांची यादी सुरुवातीलाच करून ठेवली होती. एकसष्टावं काम, तेलाच्या वाटा धुऊन, ब्रश फिरवून, हवा मारून साफ करणं. त्यावर दसऱ्याच्या आदल्या दिवसाची खूण होती. बासष्टावं, बेअरिंगं बसवून शाफ्ट ठेवणं. खूण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची. दोन्ही कामं नीट झाली होती. यादीत पूजा नव्हती.

राजोडीच्या समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या हवेने गंज धरू नये, धूळ बसू नये म्हणून मी ब्लॉकवर धुतलेलं धोतर घालून ठेवत असे. ब्लॉक उघडा होता त्या पंधरा दिवसांत बायकोला पडवी झाडूही दिली नव्हती. आणि दसऱ्याला ते धोतर मीच काढलं. झाकलेल्या वस्तूची पूजा करत नाहीत. बोल्ट पिळायचे पाने, मायक्रोमीटर, करवत पाटावर मांडली, सगळ्यांना हळदकुंकू लावलं आणि चिमूट भरून अक्षता वाहिल्या. हाताला सवय होती, हाताने केलं. नंतर दाणे वेचून काढले, पण किती टाकले आणि किती वेचले ते मोजलं नाही.

अकराच्या सुमारास मामा आले. बगलेत तेलाचा डबा, डोक्याला ती गाडी चालवतानाची जुनी चामडी टोपी.

"उद्या वाडीतले पंधरा जण येतायत," ते म्हणाले. "सूनबाई, चहाचं पातेलं मोठं काढ."

मी त्यांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून, मोबाइल डोळ्यांशी नेऊन पाहिला.

"तांदूळच आहे ना? इंजिन तापलं की भात होईल. वरून तूप घालू."

"मामा, तो आत गेला असेल तर मागच्या बेअरिंगला तेल जाणार नाही."

"असेल. म्हणजे तुला माहीत नाही."

"माहीत नाही, म्हणूनच चालू करता येणार नाही."

"तू वेचले होतेस की नाही दाणे?"

"वेचले होते. मोजले नव्हते."

"अक्षता कोण मोजतं, भाचेबुवा?" ते हसले, पण मी हसलो नाही हे पाहून थांबले. "शाफ्ट परत घासता येईल ना?"

"नाही. ही शेवटची होती."

हे मी त्यांना आधी सांगितलं नव्हतं. उगाच काळजी नको म्हणून. मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"हे मला आत्ता सांगतोस?"

 

बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "उघडा ना मग. नाहीतर उद्या सगळे टाळ्या वाजवतील आणि तुम्ही एकटे घाम पुसत उभे राहाल."

उघडण्याआधी खात्री करून घेण्याचा एक मार्ग होता. इंजिनाखालचं तेलाचं भांडं, ज्याला मेकॅनिक चेंबर म्हणतात, ते मी उतरवलं. खाली विटांवर परात ठेवली, तिच्यात मामांनी आणलेलं तेल ओतलं आणि तेलपंपाचं तोंड त्यात बुडवलं. वरच्या बाजूने एक सळई घालून ती ड्रिल मशीनने फिरवली की इंजिन चालू न करता पंप फिरतो. मग तेल प्रत्येक बेअरिंगच्या कडेने ठिबकायला हवं. शाफ्टच्या तीन बैठकी आणि पिस्टनच्या दांड्यांची चार टोकं, अशा एकूण सात जागा.

ड्रिल मी धरली. मामांनी पुढून पाना लावून शाफ्ट हळूहळू फिरवायचा होता, कारण काही वाटा शाफ्ट ठरावीक जागी आल्यावरच जुळतात. बायको चटईवर आडवी झाली, हातात टॉर्च. खाली काय चाललंय ते फक्त तिलाच दिसणार होतं.

ड्रिल फिरू लागली. तेलाच्या दाबाचा काटा चढून पन्नासवर गेला. नुसता काटा पाहिला असता तर मी सगळं ठीक आहे असंच म्हटलं असतं.

"पुढचं आलं," बायको म्हणाली. "मधलं पण आलं. चांगलं ठिबकतंय."

"मागचं?"

टॉर्चचा उजेड मागे सरकला आणि तिथेच थांबला.

"मागचं, अगं?"

"थांबा. एक थेंब आहे... नाही. तो वरून ओघळलाय. पुसून बघते."

मामांनी शाफ्ट पाव फेरा फिरवला. दांड्यांची पहिली तीन टोकं एकेक करून ठिबकू लागली. त्यांनी अजून पाव फेरा दिला, मग अर्धा, मग पूर्ण. ड्रिल माझ्या हातात तापली होती.

"मागचं कोरडं आहे," बायको म्हणाली. "आणि त्याच्या शेजारचं चौथं टोकही. ठणठणीत कोरडं."

चौथ्या टोकाला तेल मागच्या बैठकीतूनच जातं. सातांपैकी पाच ओली, दोन कोरडी. मी ड्रिल बंद केली. मामांनी पाना काढून खाली ठेवला.

मागच्या बैठकीची टोपी, म्हणजे तिचं खालचं झाकण, दोन बोल्टवर असते. ती उतरवली, खालचं अर्धं बेअरिंग काढलं आणि शाफ्ट फिरवत वरचं अर्धं सरकवून बाहेर घेतलं. मी खाली आडवा झालो. टॉर्चच्या उजेडात ब्लॉकच्या भोकात काहीतरी फिकट दिसलं. चिमटा आत घातला. पहिल्यांदा निसटलं, दुसऱ्यांदा आलं. अख्खा दाणा, तेलात भिजून पिवळट झालेला, एका टोकाला कुंकू अजून शिल्लक.

मी तो मामांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी मूठ मिटली.

"सापडला. आता बसव परत," ते म्हणाले. "दुपारपर्यंत होईल. उद्याचं उद्या होऊ दे."

"नाही. एक सापडला म्हणजे एकच होता असं होत नाही. सगळं उतरवायचं."

"बाकी ठिकाणी तेल येतंय ना!"

"आज येतंय. दुसरा दाणा पुढेमागे कुठे असला तर चालू झाल्यावर सरकेल."

"मी पंधरा जणांना बोलावलंय रे."

"चूक माझी आहे. मी जाऊन सांगतो त्यांना."

"तू काय सांगणार? तांदूळ अडकला म्हणून?" मामा उठले. "मी सांगतो. माझी गाडी आहे, मलाच हसू देत." ते गेले, टोपी खुर्चीवर विसरून. त्या दिवशी ते परत आले नाहीत, आणि रविवारीही नाही.

आठ दिवस लागले. शाफ्ट बाहेर काढला. ब्लॉकच्या तेलवाटांची सगळी बुचं काढली आणि उकळत्या पाण्याने प्रत्येक वाट धुतली. धुतलेलं पाणी पांढऱ्या फडक्यातून गाळून पाहिलं. तिसऱ्या वाटेतून अर्धा दाणा निघाला. त्यानंतर सलग चार वेळा धुतलं, फडकं कोरं राहिलं. आत काही नाही हे सिद्ध करता येत नाही, पण कुठेतरी थांबावं लागतं. मी चारावर थांबलो. मग पुन्हा बांधलं आणि पुन्हा परात लावली. सातही जागा ठिबकल्या. बायकोने एकेक मोठ्याने मोजली.

त्यानंतरच्या रविवारी मी मामांना बोलवायला गेलो. ते आले, पण एकटेच. बटण त्यांनी दाबलं. इंजिन चौथ्या प्रयत्नात पेटलं, आणि पडवीतली भांडी थरथरू लागली. मामांनी डोळे मिटून घेतले होते. मी काटा पाहत होतो. वीस मिनिटं चालवून मी ते बंद केलं, निवू दिलं आणि दुपारी चेंबर पुन्हा उतरवलं.

"आता काय राहिलं?" मामा म्हणाले.

"मागची बैठक उघडतो. पाहिल्याशिवाय मला झोप यायची नाही."

या वेळी ते हसले नाहीत. गुडघ्यांवर हात टेकत ते माझ्याशेजारी चटईवर आडवे झाले. मी बैठकीची टोपी उतरवली, शाफ्ट फडक्याने पुसला आणि टॉर्च त्यांच्या हातात दिला. त्यांनी अंगठ्याचं नख शाफ्टवर टेकवलं आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश ओढत नेलं, मग परत. नख कुठेही अडलं नाही.

"तू बघ," ते म्हणाले आणि बाजूला सरकले.

मीही नख फिरवलं. दोनदा.