फुंकणीची फियाट

निरोप आला तेव्हा मी आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये उघडलेल्या गिअरबॉक्ससमोर उभा होतो. शिपाई दारातूनच म्हणाला, "सर, मुरलीभाऊ गेले. घरून फोन होता." मी विचारलं, "कुठे गेला?" माझा मित्र मुरली सतत कुठेतरी जातच असे, त्यामुळे मला त्या वाक्यात काही वेगळं वाटलंच नाही. शिपायानं टोपी काढून हातात घेतली... तेव्हा कळलं. सकाळी दाढी करताना छातीत कळ आली आणि वहिनी पाणी घेऊन येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. वय एक्कावन्न. याला आता सहा आठवडे झाले. या सहा आठवड्यांत मी एका जागी धड बसलेलो नाही. पेपर तपासायला घेतो आणि उठतो, जेवताजेवता उठून अंगणात जाऊन येतो. बायको म्हणाली, "एकदाचं लिहून काढा." म्हणून लिहितोय.

मुरली जळगावच्या एका डाळ मिलमध्ये यंत्रांची देखभाल पाहायचा. त्याच्या बायकोची, म्हणजे सुमनवहिनींची, शाळेतली नोकरी धुळ्यात. म्हणून घर धुळ्यात आणि मुरली रोज रस्त्यावर. पारोळा, एरंडोल करत जायचे नव्वद किलोमीटर आणि यायचे नव्वद. सुरुवातीची काही वर्षं त्यानं एसटीत काढली, पण एसटीत बसणं हे त्याच्या स्वभावातच नव्हतं. थांब्यावर गाडी थांबली की हा खाली उतरून चाकं बघायचा, ड्रायव्हरला गिअरबद्दल दोन गोष्टी सुनवायचा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी-शेवटी त्यानं पुण्याच्या एका हौशी माणसाकडून जुनी फियाट आणली. त्या माणसानं ती शर्यतीसाठी तयार करून घेतलेली होती. दोन कार्बुरेटर, मोकळा सायलेन्सर, कडक स्प्रिंगा. गल्लीत शिरली की भिंतीवरच्या तसबिरी थरथरत. "शर्यतीचा घोडा टांग्याला जुंपलायस तू," मी त्याला म्हणालो होतो. तो हसला. एवढ्यावर थांबला असता तर तो मुरली कसला?

आग्रा रोडवर भंगारवाल्यांची दुकानं आहेत. गुजरातच्या किनाऱ्यावर तोडलेल्या जहाजांचा माल तिथे येतो. अशाच एका ढिगात त्याला एक सुपरचार्जर सापडला. कुठल्या तरी परदेशी इंजिनावरचा असावा, दोन्ही हातांत मावेल एवढा. इंजिन एरवी आपल्या दमानं हवा ओढून घेतं. सुपरचार्जर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो आणि हवा जोरानं आत कोंबतो. हवा जास्त, पेट्रोल जास्त, ताकद जास्त. एका सुटीत मुरली माझ्याबरोबर आमच्या गावी आला होता, तेव्हा त्यानं हे सगळं माझ्या वडिलांना, आबांना, हातवारे करून समजावलं. आबांनी तंबाखू मळत शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे चुल्हाले फुंकणी, तशी हाई गाडीले फुंकणी!" तेव्हापासून आम्ही सगळेच त्या यंत्राला फुंकणी म्हणू लागलो.

ती फुंकणी बसवायला आम्हाला चार महिने लागले. आम्हाला म्हणतो, कारण तोंडानं नको नको म्हणत मी दर रविवारी त्याच्या शेडमध्ये हजर असे. ब्रॅकेट मी बनवलं, पाइपांची जोडणी त्यानं केली. जास्तीचा दाब इंजिनाला सोसावा म्हणून आतला दाब कमी करणारं जाड गॅस्केट घातलं, रेडिएटर मोठा लावला. भांडण झालं ते पुलीवरून. फुंकणीची पुली मोठी असेल तर ती सावकाश फिरणार, हवा बेतानं कोंबणार. पुली छोटी केली की ती वेगानं फिरणार आणि गाडी उसळणार. "रोज मिलला न्यायची असेल तर मोठी पुली," मी म्हणालो. "हौस करायची असेल तर छोटी. दोन्ही एकत्र होणार नाही. आपला उन्हाळा बघ, आपलं पेट्रोल बघ." त्यानं कपाळावरचा घाम काळ्या हातानं पुसला. मग म्हणाला, "मास्तर, जी गाडी रोज नेता येत नाही, तिच्यात मजा काय? मोठी तर मोठी."

आणि खरं सांगायचं तर ती गाडी रोज गेली. सगळे म्हणत होते, महिन्यात बसेल. पहिल्या पावसाळ्यात दोनदा पट्टा सुटला, एकदा एरंडोलजवळ रेडिएटरची नळी फाटली, पण प्रत्येक वेळी तो तासाभरात मिलमध्ये पोहोचला. डिकीत दोन पट्टे, पाण्याचा कॅन आणि पान्यांची पिशवी कायम असायची. पुढे काचेजवळ दाबाचा काटा बसवला होता. चढावर तो काटा थोडा हलला की मुरली लहान मुलासारखा माझ्याकडे बघायचा. मालाच्या ट्रकांना मागे टाकून ती फियाट सुईसारखी निघून जायची. दीड वर्ष झालं, तेव्हा माझाही विरोध मावळला. मी वर्गात पोरांना तिचं उदाहरण देऊ लागलो, पण मुरलीला मात्र ते कधी सांगितलं नाही.

मग तो मे महिना आला. आमचं गाव शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. घरात लग्न होतं, मुरली गाडी घेऊन आला होता. आबांना बरीच वर्षं हर्नियाचा त्रास होता. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तो हर्निया अडकला. पोट दगडासारखं झालं, उलट्या थांबेनात. शिरपूरच्या डॉक्टरांना गावात आणलं. त्यांनी पोटाला हात लावला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "आतडं अडकलंय. धुळ्याला न्या, आत्ताच्या आत्ता." दारात दोन गाड्या उभ्या होत्या, चुलतभावाची जीप आणि मुरलीची फियाट. मुरलीनं फियाटचं मागचं दार आधीच उघडलं होतं, सीटवर चादर घातली होती. आणि त्या उन्हात फुंकणीचा भरवसा न वाटून मी म्हणालो, "आबांना जीपमध्ये घ्या."

अंगणात वीस माणसं होती. आबा कण्हत म्हणाले, "मुरलीनी गाडी उभी शे ना, मंग जीप कसाले?" मी जीपचं दार उघडलं. मुरलीनं चादर काढून जीपच्या सीटवर नेऊन घातली, स्वतःच्या हातानं तिच्या सुरकुत्या काढल्या आणि म्हणाला, "ठीक आहे. मी मागून येतो." त्याचा चेहरा मी त्या वेळी पाहिला नाही. म्हणजे पाहायचं टाळलं.

शिरपूर गेलं, तापीचा पूल गेला आणि नरडाण्याच्या अलीकडे जीपचा क्लच बसला. डोक्यावर ऊन आणि सावलीला झाड नाही. आम्ही उतरलो तोवर फियाट मागे येऊन थांबलीही होती. मुरलीनं आबांना उचललं. मी मागे बसलो, आबांचं डोकं माझ्या मांडीवर. गाडी सुटली ती अशी की रस्त्याचे खड्डेसुद्धा जाणवेनात. सोनगीरच्या पुढे आलो आणि मला इंजिनाचा आवाज आला. टिक-टिक, टिक-टिक... पत्र्याच्या डब्यात बारीक खडे हलवावेत तसा. वीस वर्षं मी पोरांना तो आवाज ओळखायला शिकवतोय. इंजिन आतून ठोकत होतं. असंच चाललं तर पिस्टन जाणार आणि आम्ही आबांना घेऊन पुन्हा रस्त्यावर. ओठांवर शब्द आले होते, "मुरली, पाय काढ." पण अंगणातलं ते वाक्य मध्ये उभं राहिलं. आता पुन्हा काही बोललो तर या माणसाचं काय उरेल, असं वाटलं. मी गप्प बसलो. तेवढ्यात मुरलीनं आपण होऊनच पाय हलका केला. ठोका थांबला. आबा डोळे मिटून म्हणाले, "हळूच हाक रे भो, माले काही घाई नही."

आम्ही वेळेत पोहोचलो. शस्त्रक्रिया झाली, आबा पुढे सात वर्षं जगले आणि मुरलीच्या गाडीचं कौतुक गावभर सांगत राहिले. मुरली रोज दवाखान्यात येत होता, पण बसनं. आठवड्यानं मी त्याच्या शेडमध्ये गेलो तर फुंकणी काढून कोपऱ्यात ठेवलेली. "का रे?" मी विचारलं. "गरज नाही," तो म्हणाला आणि दुसरंच काहीतरी बोलू लागला. त्यानंतर ती गाडी साध्या फियाटसारखी रोज जळगावला जात राहिली. आमची मैत्रीही तशीच चालू राहिली, साधी, रोजची. पण मुरलीच्या अंगातली उसळी गेली, आणि ती मी घालवली, हे मी मनाशी पक्कं धरून बसलो. वीस माणसांदेखत मी त्याच्या हातचं काम नाकारलं होतं. कितीदा ठरवलं की बोलावं. दिवाळीला ठरवलं, त्याच्या मुलीच्या लग्नात ठरवलं. दरवेळी चहा आला आणि विषय निघून गेला...

तीन आठवड्यांपूर्वी वहिनींकडे गेलो होतो. त्यांनी शेड उघडली आणि विचारलं, "फुंकणी का काढली ते तुम्हाला सांगितलं होतं त्यांनी?"

"सांगितलं नाही, पण मला माहीत आहे," मी म्हणालो. "माझ्यामुळे."

"तुमच्यामुळे?" वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. "अहो, घाबरले होते ते! आबांना पोहोचवून घरी आले ते पायरीवर बसूनच राहिले. त्या लग्नाच्या आधी पंधरा दिवस त्यांनी छोटी पुली लावली होती, तुमच्यापासून लपवून. वाटेत इंजिन ठोकायला लागलं म्हणाले. म्हणाले, मास्तर जीप म्हणाला ते बरोबर होतं. गाडी बसली असती तर आबांना मी मारलं असतं. आणि मला बजावलं, मास्तरला यातलं काही कळता कामा नये."

मी जवळच्या स्टुलावर बसलो. "वहिनी, तो आवाज मी ऐकला होता."

"मग बोलला का नाहीत?"

वहिनींना रडू येईल असं वाटलं होतं, पण त्या चिडल्या. "दोघेही शहाणे! अकरा वर्षं एकमेकांसमोर बसून चहा प्यायलात ना?" त्यांनी शेडचं दार आपटलं. मी घरी चालत आलो, सायकल त्यांच्याच दारात विसरून.

दुसऱ्या दिवशी सायकल आणायला गेलो, तर वहिनी फियाटजवळ उभ्या होत्या, हातात किल्ली. म्हणाल्या, "विकायची नाही. मला चालवायला शिकवा." सत्तेचाळीस वर्षांची बाई, कधी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. पण हट्टी. तेव्हापासून रोज सकाळी शाळेच्या आधी आम्ही मैदानावर जातो. क्लच सोडताना गाडी आचके देते, बंद पडते, मैदानावर फिरायला आलेले लोक हसतात. वहिनी पुन्हा किल्ली फिरवतात.

काल पहिल्यांदा आम्ही पारोळा रस्त्याला लागलो. तिसरा गिअर पडला आणि वहिनींनी आपल्या बाजूची काच खाली केली. समोरून ट्रक येत होते, धुळीचा लोट आत आला. "काच लावून घ्या वहिनी, डोळ्यांत जाईल," मी म्हणालो.

"नको. काच लावली की इंजिन ऐकू येत नाही. हेही कधी लावायचे नाहीत." त्या रस्त्याकडेच बघत होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "वेगळा काही आवाज आला तर लगेच सांगा. गप्प बसू नका."

"सांगतो," मी म्हणालो, आणि माझ्या बाजूची काचही खाली घेतली.