काळ्या पाइपाचा बाक

देवाजी मिस्त्री गेल्याचं त्यांच्या जावयाने मला सांगितलं तेव्हा मी सीताबर्डीवर रस्त्याच्या कडेला सायकलची उतरलेली चेन बसवत होतो. "मामाजी गेले, साहेब. सकाळी चहा मांगतला, अन् कप हातात याच्या आधीच..." एवढंच बोलून तो कामठीच्या बसकडे धावला, तिकडच्या नातेवाइकांना कळवायचं होतं. मी तसाच, काळ्या हातांनी, इंदोऱ्याला त्यांच्या घरी गेलो. या गोष्टीला आता सात आठवडे झाले.

आमची ओळख सदुसष्ट सालची. मी डिप्लोमा करून नुकताच सरकारी खात्यात ओव्हरसियर म्हणून लागलो होतो आणि नाकाने कांदे सोलत हिंडत होतो. देवाजी रोजंदारीवर पाइप जोडणारे मिस्त्री, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. एका दवाखान्याच्या धोबीखान्यात वाफेची लाइन टाकायची होती. आवारात काळेकुट्ट लोखंडी पाइप येऊन पडलेले पाहून मी खेकसलो, "हे भंगार कोणी आणलं? चांगले चकचकीत जस्ती पाइप मागवा!" देवाजी हसले नाहीत, हे त्यांचे उपकारच. शांतपणे म्हणाले, "साहेब, जस्ती पाइपाले वेल्डिंग केलं का पांढरा धूर निघते. मानूस दोन दिवस तापानं फनफनते. ह्या काया पाइपाले खुशाल वेल्डिंग करा, वाफ घाला, दाब द्या, तो कुरकुर करत नाही. अन् सस्ता हाय." मग दोन्ही बाजू सांगायची त्यांची सवय होती म्हणून पुढे म्हणाले, "पन त्याले पानी अन् हवा एकाच टायमाले भेटू देऊ नका. बाहेरून रंग मारता येते, आतून कोन मारते? आत गंजते, अन् आपल्याले दिसत नाही."

प्रत्येक पाइप बसवण्याआधी ते त्याचं एक टोक उन्हाकडे धरत आणि दुसऱ्या टोकाला डोळा लावत. मग सुतळीला बांधलेली तेलाची चिंधी आतून ओढून घेत. दहा पाइप असोत की शंभर, एकही सुटायचा नाही. मला वेळेची घाई असायची, मी सारखं मनगटावरचं घड्याळ पाहत चरफडायचो. "उतरून पडली का गा घडी?" असं ते हळूच विचारायचे, आणि मजूर खाली मान घालून हसायचे.

पुढल्या वर्षी माझ्याकडे मुलींच्या एका वसतिगृहाचं काम आलं. जूनमध्ये उद्घाटन ठरलेलं, आणि पिण्याच्या पाण्याचे जस्ती पाइप काही येईनात. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती, घरी पोर दोन महिन्यांची. मी म्हटलं, गोदामात काळे पाइप पडलेत, तेच टाका, दिवाळीत बदलून घेऊ. देवाजी नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा नको म्हणाले. तिसऱ्यांदा तर हातातला पाना खाली ठेवला, "साहेब, हे पोरींच्या प्याचं पानी हाय. काहून असं करून राहिले?" मी आवाज चढवला. त्यांनी पाना उचलला.

एप्रिलमध्ये लाइन तपासली, पाणी सोडून पाहिलं. ते अर्धवट पाणी मे महिनाभर आत तसंच राहिलं. उद्घाटनाला मोठे साहेब आले, रेक्टरबाईंनी नवा कोरा पेला नळाखाली धरला आणि नळातून विटेच्या रंगाचं पाणी आलं... लाल, घट्ट. एक मुलगी किंचाळलीच. माझी पाचावर धारण बसली.

त्याच दुपारी मोठ्या साहेबांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. "काळा पाइप कोणाच्या डोक्यातून निघाला?" मी तोंड उघडणार होतो, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे ते. मी उघडणार नव्हतो. देवाजी म्हणाले, "माह्या, साहेब." आणि साहेबांनी एक प्रश्नही विचारला नाही. इंदोऱ्याच्या दलित वस्तीतल्या मिस्त्रीची चूक की माझ्यासारख्याची, यांतलं खरं काय धरायचं हे त्या खोलीत आधीच ठरलेलं होतं. खात्याचं काम त्यांना कायमचं बंद झालं. मी तीन महिन्यांनी कायम झालो. ते कामठीला, सूत रंगवायच्या कारखान्यांतल्या वाफेच्या लाइनी दुरुस्त करायला रोज बसने जाऊ लागले.

मला वाटलं होतं, आता हा माणूस माझं तोंड पाहणार नाही. पण एका रविवारी मीच भीत भीत गेलो, तर म्हणाले, "या, बसा." कामठीच्या कामातून उरलेल्या काळ्या पाइपांचा त्यांनी अंगणात बाक केला होता. त्यावर आम्ही सोळा वर्षं रविवारचा चहा प्यालो. चहाआधी ते तेलाच्या चिंधीने बाक पुसायचे, पावसाळ्यात तर दोनदा. एकदाही त्यांनी त्या पेल्याची गोष्ट काढली नाही. मीही नाही. शेवटच्या भेटीत त्यांना धाप लागत होती. धीर करून मी म्हटलं, "मिस्त्री, ते वसतिगृहाचं..." तर हात हलवून म्हणाले, "चहा थंडा होऊन राहिला."

मी समजलो, माफ केलं. सुटलो एकदाचा!

परवा वहिनींना, म्हणजे देवाजींच्या बायकोला, भेटायला गेलो. बुद्धाच्या तसबिरीखाली त्या बसल्या होत्या. मी रडतच सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "मले मालूम हाय, भाऊ. ते म्हनत, साहेब मले सांगाले पाहते, पन मले काय सांगते? मी तं तिथंच होतो. सांगाचं तं चार लोकांत सांगावं." आणि पुढे बोलल्या, "दर रविवारी तुम्ही गेल्यावर म्हनत, आजही नाही."

म्हणून हे चार लोकांत. अडुसष्ट साली त्या वसतिगृहात पिण्याच्या पाण्याला काळा पाइप मी घालायला लावला. देवाजी मिस्त्रींनी मला तीनदा नको म्हटलं होतं.

मासिकात हे छापून आलं की अंक घेऊन रविवारी इंदोऱ्याला जाईन आणि वहिनींना वाचून दाखवीन. आधी बाक पुसावा लागेल. सात आठवडे त्याला तेल लागलेलं नाही.