सहा कप, सहा प्लंजर

उस्मान मिस्त्रींची आणि माझी पहिली भेट मोताळ्यात, त्यांच्या वर्कशॉपच्या दारात झाली. तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन मी नुकतीच घरी आले होते. त्यांना एक इंग्रजी पुस्तिका वाचून घ्यायची होती. मला नीट न्याहाळून त्यांनी विचारले, "वाचता येते, का निस्ती पास झाली?"

"वाचता येते," मी म्हणाले.

पुस्तिका गावातल्या भाऊसाहेब देशमुखांच्या दोन आसनांच्या परदेशी मोटारीची होती. तिच्या इंजिनाला मुळात पेट्रोल मोजून फवारणारा पंप होता. तो बिघडल्यावर शहरातल्या एका कारागिराने तो काढून पेटीत घातला आणि त्याच्या जागी साधे कार्बोरेटर बसवले. तेव्हापासून राजूरच्या घाटात, वळणावर, गाडी गुदमरत असे. भाऊसाहेबांना पंप परत हवा होता. विहिरीवरची इंजिने करणाऱ्याला शौकाची गाडी झेपेल का, असे आज इथे जमलेल्या आपल्यापैकीच काहीजण तेव्हा म्हणत होते. मिस्त्री म्हणत, "डिझेलचा असो का पेट्रोलचा, पंप तो पंपच. फक्त ह्याच्यात चुकीले माफी नाही." ते खरे होते. दुसरा पंप परदेशातून आणायला भाऊसाहेबांना परवाना मिळाला नव्हता.

त्या पंपात सहा नळ्या होत्या आणि प्रत्येकीत बोटाएवढा पोलादी प्लंजर, म्हणजे वरखाली सरकणारा दट्ट्या. प्रत्येक प्लंजर आपल्याच नळीशी घासून जुळवलेला असतो. दुसरीत घातला तर पेट्रोल गळते, नाहीतर अडकून दोघांनाही चरा पडतो. मिस्त्रींनी सहा प्लंजर समोरच्या हॉटेलच्या सहा कपांत, डिझेलमध्ये, क्रमाने ठेवले होते. तीच त्यांची पद्धत.

बाजाराचा दिवस होता. मिस्त्री बाहेर गेलेले, मी त्यांच्या टेबलाशी वाचत बसलेली. हॉटेलवाले मारोतीराव आले. "ताई, कप कमी पडून राह्यले. नेऊ का?" पुस्तिकेतून मान वर न करता मी म्हणाले, "न्या." त्यांनी सहाही कप एकाच ताटलीत रिकामे केले. "एवढ्या खिळ्यांसाठी माहे कप अडवले व्हते!" असे म्हणत ते गेले.

मिस्त्री परतले. ताटलीकडे पाहून त्यांनी विचारले, "न्या कोन म्हनलं?"

"मी."

ते आल्या पावली भाऊसाहेबांकडे गेले. मीही मागोमाग गेले.

"साहेब, प्लंजर मिसळले. जुळले तर ठीक, नाही तर पंप गेला समजा."

"कोणी मिसळले?"

"टेबल माहा हाय."

"मग मले काऊन सांगून राह्यले? गुपचूप जुळवून पाहायचे."

"घाटात तुमी बसनार, साहेब."

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या छपराचे पत्रे तापायच्या आत त्यांनी मला बोलावले. "न्या तू म्हनली. आता तूच जुळव." प्लंजर डिझेलमध्ये बुडवून नळीत अर्धा धरायचा आणि सोडायचा. आपल्या वजनाने सावकाश उतरला तर तो तिचा. भसकन पडला किंवा अडला तर नव्हे. पाच जुळले. सहावा, शेवटच्या नळीत, अर्ध्यावर थांबला. एक नळी चुकली असेल तर पाचही चुकले असण्याची शक्यता होती. माझा अंगठा त्याच्यावर टेकला.

"दाबू नको, बेटा. तुह्या हाताची ऊब लागली त्याले. फुगला तो. ठेव."

मी तो ताटलीत ठेवला. मिस्त्री हात पाठीमागे बांधून उभे होते. सकाळपासून त्यांनी एकाही प्लंजरला बोट लावले नव्हते. किती वेळ गेला ते मी मोजले नाही, एरवी मोजते. मग मी तो चिमट्याने उचलून नळीत सोडला. तो थांबला नाही. सावकाश तळाला गेला.

पंप बसला. गाडी घाटात न्यायची वेळ आली, तेव्हा भाऊसाहेबांशेजारची जागा एकच होती. मिस्त्री म्हणाले, "ती बसन." नेहमीच्या वळणावर मी इंजिन ऐकत होते. आवाज तुटला नाही.

ते सहा कप मिस्त्रींनी नंतर मारोतीरावांकडून मागून घेतले. आज त्यांवर रंगाने एक ते सहा आकडे आहेत आणि त्यांतून कोणी चहा पीत नाही. वर्कशॉपमध्ये आता माझेही एक टेबल आहे. तिथे माझ्या हातून काय बिघडले ते गिऱ्हाइकाला मी आधी सांगते.

आज मिस्त्री साठ वर्षांचे झाले. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, आणि आमच्या टेबलाशेजारी, हात पाठीमागे बांधून, ते असेच पुष्कळ वर्षे उभे राहोत.