डब्यातलं चाक

पिंपरीच्या एका कंपनीच्या गेटवर मी झडती घ्यायचो. पाळी सुटली की एक टर्नर रांगेत शेवटी यायचा. डबा पुढं धरताना त्याची बोटं थरथरायची. एकदा चपातीखाली पितळी चाक निघालं, रुपयाएवढं. साहेब मागेच होते. तरी मी झाकण लावलं.

रविवारी त्यानं घरी बोलावलं. परसात पेरूभोवती रूळ होते आणि त्यांवर वीतभर लांबीची तीन इंजिनं.

"यातलं आवडतं कुठलं?" मी विचारलं.

"हे काळं. ह्याचंच चाक तुमी जाऊ दिलं व्हतं, राव."

मी सगळी चाकं मोजली. अठरा. माझ्याच गेटातून गेलेली.

सोमवारी त्यानं डबा पुढं धरला, तेव्हा त्याचा हात स्थिर होता. थरथरत होती ती माझी बोटं.