कावळा शिवल्यावर

आमचे आमदार भाषणं करून आमदार झाले नाहीत, दहावे करून झाले. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. त्या दिवसांत त्यांच्या मोटारसायकलवर मागे मीच बसलेला असायचो.

आम्ही दोघं एका गल्लीतले. तो ग्रामपंचायतीचा सदस्य झाला तेव्हा मी तिथेच कारकून होतो. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना, तर गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली असं आमच्याकडे धरतात. मग घरातलं कोणी पुढे होऊन वचन देतं: पोरीचं लग्न करू, भावाशी भांडणार नाही. हा घरचा नसताना पुढे व्हायचा. हात जोडून एकच वाक्य बोलायचा आणि बहुतेक वेळा कावळा यायचा. लोक म्हणायचे, "ह्याचा शब्द कावळा बी मोडत नाय."

त्या शब्दामागची खटपट माझी होती. आदल्या दिवशी मी दुखवट्याच्या घरी चहा पीत बसायचो आणि माणसाचं काय राहिलं ते हळूच काढून घ्यायचो. नदीवर तो माझ्याकडे झुकून विचारायचा, "इच्छा काय?" मी कानात सांगायचो. मला या कामाचा अभिमान होता, हे कबूल करतो.

तो सरपंच झाला त्या वर्षी माझ्या आक्काच्या सासरच्या गावचा दूधवाला ओढ्यावरच्या फरशीवरून वाहून गेला. फरशी म्हणजे पाण्यालगत टाकलेला सिमेंटचा पट्टा, त्याला कठडा नाही. वणीच्या डोंगराकडे जोराचा पाऊस झाला की इथे लख्ख ऊन असतानाही तिच्यावर पाणी चढतं. दहाव्याला मी कानात म्हणालो, "पूल." तो पुढे झाला. "बाबा, ओढ्यावर पूल करतो. शांत व्हा." कावळा आला. माणसं कपडे झटकून उठली आणि जेवायला गेली.

आमचं चुकलं ते इथेच. कावळा शिवला की वचन फिटलं, असंच आम्ही सगळे धरून चाललो. ज्याला शब्द दिला त्यानं मान्य केला, मग मागे राहिलेल्यांनी कोणत्या तोंडानं विचारायचं?

पुढे तो जिल्हा परिषदेवर गेला, मग आमदार झाला. माझ्या तोंडचं 'अरे' जाऊन 'साहेब' आलं. त्या फरशीनं आणखी दोघं नेली आणि दोन्ही वेळा मी कानात तोच शब्द सांगितला. तिसऱ्या दहाव्याला वचन देताना त्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं; पूल होणार नाही, हे त्या नजरेत होतं. तेव्हापासून मला भीती बसली. आक्का त्याच फरशीपलीकडे राहत होती आणि तिची मुलगी रोज स्कूटीनं ती फरशी ओलांडून कॉलेजला जात होती.

एकदा गाडीत मी धीर करून विषय काढला. "साहेब, त्या पुलाचं बघायला पाहिजे."

त्यानं मोबाईलवरून नजर काढली नाही. "लोक विचारतायत का?"

लोक विचारत नव्हते. मी गप्प बसलो. ते गप्प बसणं मला आजही माफ करता येत नाही.

पावसाळ्यात मी आक्काला रोज फोन करायचो, पाणी असलं तर थांबत जा म्हणायचो. ती हसायची. "लय भितो रे तू. तुझे साहेब बांधणारेत ना पूल?" तिचा खरंच विश्वास होता.

यंदाच्या श्रावणात बाजारातून परत येताना ती गेली. पाणी घोट्याएवढं होतं, असं काठावरची माणसं म्हणाली. ती फरशीच्या मध्यावर पोचली आणि वरून लोंढा आला. दुसऱ्या दिवशी खाली बाभळीत सापडली.

दहाव्याला साहेब आले. पिंड ठेवला, तासभर कावळे पलीकडच्या बांधावर बसून राहिले. साहेब सवयीनं माझ्याकडे झुकले.

"इच्छा काय?"

ती माझी बहीण होती, हे त्यांना ठाऊक होतं. या वेळी मी त्यांच्या कानाशी वाकलो नाही. मग त्यांचं त्यांनाच उमगलं आणि ते हात जोडत पुढे निघाले. मी त्यांचा दंड धरला. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी अडवलं नव्हतं.

"नका, साहेब," मी म्हणालो आणि गुरुजींकडे वळलो. "दर्भाचा कावळा करा."

कावळा आलाच नाही तर गवताचा करून पिंडाला लावतात. पण त्याला कोणी खरं समाधान मानत नाही. माणसं कुजबुजायला लागली. भाची रडवेली होऊन माझ्याकडे आली. "मामा, मग आईची इच्छा राहिली ना?"

"राहिली," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "पूल राहिला. आता साहेबांना विचारा."

साहेबांचे हात अजून जोडलेलेच होते. कोणी काही विचारलं नाही. एकेक जण पायाशी बघत जेवायला निघाला.

वणीकडचं आभाळ काळं झालं होतं. भाचीनं डोळे पुसले आणि स्कूटी सुरू केली. घरी जायला तिला तीच फरशी होती.