मामाजींच्या दाढेचं माप

अमरावतीत मी दातांचा स्कॅनर बनवत होतो, तेव्हा बायकोच्या माहेरी, तेल्हाऱ्याला, जावई कॅमेरे दुरुस्त करतो असं सांगितलं जाई. खरं म्हणजे परदेशी स्कॅनर लहान दवाखान्यांना परवडत नाही, म्हणून मी साधा कॅमेरा आणि छोटा प्रोजेक्टर जोडून स्वस्तातलं यंत्र केलं होतं. ते तोंडात फिरवलं की दातांचा आकार कॉम्प्युटरवर उमटायचा आणि त्यावरून कॅप करता यायची. लगदा तोंडात कोंबून माप घ्यायची कटकट संपली, असं मी भेटेल त्याला ऐकवायचो.

अकोल्याच्या एका डॉक्टर मॅडमनी एकच संधी दिली. पहिली कॅप नीट बसली तर यंत्र दवाखान्यात ठेवू, नाहीतर उचलून न्या. नोकरी सोडून बसलेल्या माणसाला आणखी किती स्पष्ट सांगायचं! पण तोंड द्यायला कोणी तयार होईना. शेवटी सासरे आले, ज्यांना मी मामाजी म्हणतो. त्यांची उजवीकडची दाढ अर्धी तुटली होती. ते लेकीच्या संसारासाठी खुर्चीत बसले, असा मला अजून संशय आहे.

"मामाजी, तोंडातलं सगळं काढा," मी म्हणालो. ते बेसिनशी जाऊन आले. मी उजव्या बाजूचे वरचे दात टिपले, खालचे टिपले, मग दात मिटायला लावून चावा टिपला. पडद्यावर दाढा इतक्या देखण्या उमटल्या की मी मॅडमना हाक मारून दाखवल्या.

कॅप तयार होऊन आली. मॅडमनी नुसती बसवून पाहिली, तर ती उंच! बाकीचे दात एकमेकांना शिवतच नव्हते. मॅडम हातमोजे काढू लागल्या. मला यंत्राचा, स्वतःचा, सगळ्यांचाच राग आला.

तेवढ्यात मामाजींनी खिशातून सुपारीचं खांड काढलं, डाव्या दाढेखाली धरलं आणि दात मिटले. "आता बसली ना जी. बराबर बसली."

मॅडमनी वाकून पाहिलं. उजवीकडे जराही फट नव्हती.

"माप घेतलं तेव्हाही सुपारी होती?" मी ओरडलोच.

"मंग? तुमी म्हनलं तोंडातलं काढा, तं तंबाखू थुकून आलो. सुपारी कावून काढू? ते तं राह्यतेच."

म्हणजे त्यांनी सुपारीवर चावा दिला होता आणि माझ्या यंत्राने तो मधल्या फटीसकट इमानेइतबारे टिपला होता. मॅडम हसत हसत स्टुलावर बसल्या. "यंत्र ठेवून जा," त्या म्हणाल्या. मला इतका आनंद झाला की मी मामाजींच्या पायाच पडलो.

मग कॅप काढून नवं माप घ्यावं म्हणून मॅडमनी चिमटा उचलला, तर मामाजींनी तोंड गच्च मिटलं. दातांतूनच म्हणाले, "मशीन ठेवा, पाह्यजे तं जवाईबी ठेवा, पन हे कॅप काढाची नाई. जिंदगीत पयल्यांदा सुपारीले धड जागा भेटली."